मैदानाला उतार होता, भानुदास

काल तुझा तेरावा झाला. पंगतीत मी तुझ्या शाळेतल्या मास्तरांच्या ओळीत बसलो होतो आणि दर दोन घासांनी कुणीतरी तुझ्याबद्दल चांगलं बोलत होतं. शिस्तीचा माणूस. वेळेचा पक्का. मितभाषी. मितभाषी! मला ठसका लागला, शेजारच्यानं पाणी दिलं. तू कुठं जन्मलास, किती वर्षं नोकरी केलीस, कशानं गेलास, हे सगळं पेपरातल्या चौकटीत छापून आलंय. सोबत तुझा लग्नातला फोटो टाकलाय, तुला अजिबात न शोभणारा. मला त्यातलं काही लिहायचं नाही. मला तुझ्याशी चाललेलं भांडण पुरं करायचंय, आणि एक गोष्ट कबूल करायचीय, जी तू असताना मला जमली नाही.

भांडण तुला पाठ आहे. जिल्ह्याचा शालेय फुटबॉलचा अंतिम सामना, मुलींचा. तुझी सिरसाळ्याची शाळा आणि माझी पाटोद्याची. तू म्हणायचास, मैदानाला उतार होता म्हणून तुम्ही जिंकलात. मी म्हणायचो, उतारबितार काही नव्हता. त्या सामन्यानंतर तू मला फोनवर कधी ‘हॅलो’ म्हणालाच नाहीस. मी फोन उचलला की पलीकडून थेट यायचं, “उतार हुता बे.” मी म्हणायचो, “न्हवता.” मग तू तब्येतपाणी विचारायचास.

आपली दोस्तीच मुळात भांडणातून झाली. आपल्या भागात पोरींना फुटबॉल खेळवणारे खेळाचे मास्तर हाताच्या बोटांवर मोजण्याएवढे. लोक आपल्याला येडेच समजायचे. त्या येड्यांत पुन्हा आपण दोघं समोरासमोरचे. दरवर्षी कुठल्यातरी रेषेवरून, कुठल्यातरी शिट्टीवरून आपलं वाजायचं आणि मग एकाच टपरीवर चहा व्हायचा. तू बशीत ओतून प्यायचास आणि पिता पिता आधीच्या वर्षीचा गोल कसा गोल नव्हता ते समजावून सांगायचास.

त्या वर्षी उपांत्य सामने झाले आणि आठवडाभरात कोरोनानं सगळं बंद पडलं. शाळा, एसटी, बाजार, सगळं. अंतिम सामना तसाच राहिला. पुन्हा नववी-दहावीचे वर्ग उघडले तेव्हा आपल्या पोरी दहावीत गेलेल्या होत्या. आपण विचारायला गेलो तर उत्तर मिळालं की गेल्या वर्षीच्या स्पर्धा आता संपल्या असं समजा. अगदीच हौस असेल तर मोकळं मैदान तुम्ही शोधा, परवानगी तुम्ही काढा, आणि बघायला एक माणूस जमता कामा नये. मी म्हटलं, जाऊ दे. तू म्हणालास, “जाऊ दे कसं? दहावी झाली की ह्या पोरी पुन्हा बॉलला पाय लावणार हाईत का? त्यांची येकच मॅच राहिलीय, ती तरी हुंदे.”

मैदान मिळणं हीच खरी मोठी अडचण होती. एरवी सामना शहरात व्हायचा, तर तिथल्या मैदानावर भाजीबाजार हलवलेला. माझ्या शाळेच्या आवारात तपासणी चालायची. तुझ्या शाळेचं मैदान रिकामं होतं, पण ते तुझं होतं, आणि तुझ्या मैदानावर तुझ्याशी खेळण्याएवढा खुळा मी नव्हतो. दोन्ही शाळांपासून सारख्या अंतरावर जागा बघायची, इथपर्यंत आपलं जमलं. अंतर मोजायचं कसं यावर बिनसलं. तू मोटारसायकलच्या मीटरवर मोजलंस, मी एसटीच्या टप्प्यांवर. तुझा मध्य आणि माझा मध्य यांच्यात दोन गावं बसत होती. शेवटी नारायणगडाच्या आसपास कुठंही चालेल असं ठरलं. देवाच्या पायाशी कुणी लबाडी करणार नाही, असं तू म्हणालास.

मग आपल्या फेऱ्या सुरू झाल्या. तू सिरसाळ्याहून यायचास, मी पाटोद्याहून, बीडच्या बसस्टँडवर भेटायचं आणि मी तुझ्यामागं गाडीवर बसायचं. गाडी चालवताना तुझं तोंड अखंड चालू. मास्क, वारा आणि तुझा तो फुटका सायलेन्सर, मला एक अक्षर ऐकू यायचं नाही. मी आपला “हां, हां” करत राहायचो. नंतर कुठल्याही गोष्टीवर तू म्हणायचास, “तूच तर हां म्हणलास की बे.” अशा रीतीनं मी न ऐकता किती गोष्टींना होकार देऊन बसलोय, देवाला ठाऊक.

एका गावचा सरपंच आपल्याला बघून ओसरीवरूनच ओरडला होता, आठवतं? “मास्तर, तितंच थांबा! लांबलांबच्या पोरी येणार म्हणल्यावर काय काय घिऊन येतील? न्हाई जमायचं.”

तू दहा हातांवरून नमस्कार केलास. “बरं हाय. पर तुमच्या गावात पोरी खेळतेत का?”

“कावून?”

“न्हाई, उद्या खेळायला लागल्या तर सांगा. शिकवायला मी येतो.”

सरपंच हसला. जागा नाही ती नाहीच दिली, पण हसला. पुढं तू खरोखरच तिथं महिनाभर रविवारी जात होतास, हे मला फार उशिरा कळलं.

गडाच्या पायथ्याला जत्रेची जागा होती, मोठी, मोकळी. त्या साली जत्रा भरली नव्हती. पाळणे नाहीत, रेवड्यांची दुकानं नाहीत, नुसती माती. मी म्हटलं, यापेक्षा चांगली जागा मिळणार नाही. तू हँडलवर हात ठेवून बराच वेळ बघत राहिलास. मग म्हणालास, “हितं नको. अशी रिकामी बघवत न्हाई. हितं जत्राच बरी.” आणि गाडी वळवलीस. तेव्हा मला तुझा राग आला होता.

त्यानंतरचं ते सोयाबीनचं रान मात्र फर्मास होतं. पीक निघालेलं, नांगरट राहिलेली, ताटासारखं सपाट. तू बाटलीतलं पाणी जमिनीवर ओतलंस. ते कुठंच गेलं नाही, जागच्या जागी मुरलं. “बघ, पान्याला बी कळंना कुटं जावं!” असं म्हणून तू रानाच्या मधोमध उडी मारलीस, पन्नाशीचा माणूस. शेतकरी भला होता. म्हणाला, आठ दिवस थांबतो, मग मला हरभरा पेरावा लागेल.

आठ दिवस पुष्कळ होते. तू तिथंच बांधावर बसून परवानगीचा अर्ज लिहिलास, जागा नुसती ‘नारायणगडाजवळ’ अशी घालून, तुझ्या त्या गोल गोल अक्षरात. दोघांनी सह्या केल्या. कचेरी बसस्टँडजवळ, आणि मला बस तिथूनच, म्हणून अर्ज द्यायचं काम माझ्याकडे आलं.

भानुदास, मी तो अर्ज दिलाच नाही.

कचेरीच्या पायऱ्यांपर्यंत गेलतो. आत माणसं होती, कुणीतरी खोकत होतं. मी तिथूनच माघारी फिरलो आणि अर्ज घरी आणून कपाटात कपड्यांखाली ठेवला. माझ्या शाळेतले एक सर नुकतेच ऑक्सिजनवरून परत आले होते. घरात आई, तिला दमा. मी स्वतःला सांगितलं, आईसाठी करतोय. चार दिवसांनी तुझं डोकं थंड होईल, तू आपोआप नाद सोडशील, आणि मला नाही म्हणावंच लागणार नाही. तुझ्या तोंडावर नाही म्हणायची माझी छाती नव्हती, एवढंच खरं.

तू रोज विचारायचास आणि मी रोज थापा मारायचो. साहेब दौऱ्यावर आहेत. आज मीटिंग आहे. कागद वर गेलाय, सही राहिलीय. त्या साहेबाला तू किती शिव्या घातल्यास! त्या बिचाऱ्याला अर्जाचा पत्ताही नव्हता. पुढं कधी बाजारात ते साहेब समोरून आले की मी पलीकडच्या बाजूला जायचो. मला वाटायचं, त्यांना त्या शिव्या लागल्या असतील आणि पावती माझ्या नावावर फाडायची असेल.

आठ दिवस उलटले आणि सोयाबीनच्या रानात हरभरा पडला. मला वाटलं, सुटलो. दुसऱ्या दिवशी तुझा फोन, “दुसरं रान बघितलंय, चल.” ते आपण ठरवलं, तर त्यात पाणी सोडलं. तू पुन्हा, “अजून येक हाय.” तुला राग कसा येत नव्हता? त्या उन्हाळ्यात तुझा थोरला भाऊ या रोगानं गेलेला. मी भेटायला येऊ शकलो नव्हतो, आणि तूही त्याचं नाव काढत नव्हतास. मला वाटलं, हा माणूस हट्टाला पेटलाय, दुसरं काय.

वीसेक दिवस असे गेले. मग एका सकाळी माझ्या संघाची कप्तान सारिका दारात येऊन उभी राहिली. मास्क हनुवटीवर, चपला हातात, पळत आलेली. “सर, मॅच कवा हाय? दहावी झाल्यावर मी मामाकडं राहायला जाणार हाय. तितं कुणी खेळत न्हाई.” मी तिला म्हटलं, परवानगी यायचीय. ती बरं म्हणून गेली. आई आतल्या खोलीतून सगळं ऐकत होती. आईनं कपाट आवरताना तो अर्ज केव्हाच बघितला होता.

“परवानगी तुझ्या धोतरजोडीखाली हाय का?” तिनं विचारलं.

मी म्हटलं, “आई, तुझ्या दम्यामुळं मी...”

“माझ्या दम्याचं नाव घिऊ नको. दमा मला लई वर्सांचा हाय. पोरींचा डाव मोडायला तो कावून लागला? मी आठ दिस आतल्या खोलीत बसते, भाकरी उंबऱ्यावर ठिवत जा. आन् तुला भ्या वाटत आसंल तर तसं सांग भानुदासला.”

सांगितलं नाहीच. पण त्याच दिवशी अर्ज दिला, आणि परवानगी तिसऱ्या दिवशी हातात पडली. तू म्हणालास, “बघ, चिकाटी सोडली न्हाई म्हणून साहेब वाकला.” मी मान हलवली.

तोवर सगळीकडं पेरण्या उरकलेल्या. उरला होता फक्त आबांचा माळ. आबा धनगर, घरची मंडळी तिथंच माळाच्या कडेला राहणारी. आपण जागा मागितली तर म्हातारा खूष झाला. “लेकरांसाठी लई झकास करून ठिवतो जागा, तुमी बगाच.” आपल्याला वाटलं, दगडगोटे वेचून ठेवतील.

दगडगोटे वेचलेच होते त्यांनी. पण सामन्याच्या सकाळी आपण पोचलो तर अख्खा माळ काळा. आबांनी जमीन चांगली करायची त्यांना ठाऊक असलेली एकच तऱ्हा वापरली होती. सलग दोन रात्री सगळा कळप मैदानावर बसवला होता! गोलपासून गोलपर्यंत लेंड्याच लेंड्या. एका बाजूला तुझा संघ, एका बाजूला माझा, पांढरे मोजे घालून, आणि मधे हे. आबा काठीवर रेलून कौतुकाची वाट बघत उभे.

माझं डोकं सणकलं. मी काहीतरी बोलणार तेवढ्यात तू माझा दंड दाबलास. हळूच म्हणालास, “रानात मेंढ्या बसवाव्या म्हणून शेतकरी ह्याच्या पाया पडतेत, धान्य घालतेत. ह्यानं पोरींसाठी फुकट बसवल्या. येक शब्द बोलू नको.” मग पुढं होऊन हात जोडलेस, “आबा, लई उपकार झाले.”

आबांचा चेहरा बघायला हवा होता. पण तो तूच बघितलास, मी मान खाली घालून लेंड्या बघत होतो.

मग आबांच्या घरून तुराट्यांचे खराटे आले, आणि दोन्ही संघांनी मिळून मैदान झाडायला घेतलं. त्या दिवसांत पोरींना मास्क नाकावर घ्या म्हणून सांगून आपला घसा बसायचा. त्या सकाळी कुणाला सांगावं लागलं नाही. तासाभरात कडेला खताचा हा मोठा ढीग लागला. तुझी गोलरक्षक आणि माझी सारिका एकाच पाटीला दोन्हीकडून धरून चालल्या होत्या. आपण दोघांनी किती वर्षं प्रयत्न केला असता तरी त्या पोरींची ओळख एवढी झाली नसती.

चुन्याची फक्की मारायला तू स्वतः घेतलीस. तुझ्या रेषा वाकड्या आल्या, त्यावरून आपण भांडलो, मग नाणेफेक झाली. ती तू जिंकलीस आणि तुझ्या पोरींना आबांच्या घराकडची वरची बाजू दिलीस, म्हणजे पहिल्या हाफमध्ये खालच्या अंगाला पळायचं. गोल झाला नाही. दुसऱ्या हाफमध्ये दमलेल्या पोरींना चढाला पळावं लागलं, आणि शेवटी शेवटी सारिकानं एक मारला. बघायला आबा, दोन कुत्री आणि लांबवर कळप. नियमात बसणारे प्रेक्षक. सामना संपल्यावर तुझ्या पोरी रडल्या, माझ्या नाचल्या, आणि पाच मिनिटांनी सगळ्या मिळून एका कोकराच्या मागं लागल्या.

पुढचे दहा दिवस आपण रोज एकेका पोरीच्या घरी फोन करत होतो. ताप, खोकला, काही? नाही. कुणालाच काही झालं नाही. आई आतल्या खोलीत कंटाळून गेली आणि बाहेर आल्या आल्या तिनं पहिलं विचारलं, गोल कुणी मारला.

दुसऱ्या वर्षी पावसाळ्यात तू त्या माळाचा फोटो पाठवलास. गवत कमरेएवढं. खाली लिहिलं होतंस, “खालच्या अंगाला जास्त आलंय. उतार हाय म्हणून.” मी लिहिलं, “न्हाई.” तू हसणारी तीन तोंडं पाठवलीस.

होता, भानुदास. मैदानाला उतार होता. पहिल्या दिवशीच दिसला होता मला, आंधळ्यालाही दिसला असता. पण उतार कबूल केला असता तर पुढचा प्रश्न ठरलेला होता. मग ते ताटासारखं सपाट रान हातचं कावून गेलं? आणि त्याचं उत्तर माझ्या कपाटात होतं. म्हणून मी इतकी वर्षं फोनवर ‘न्हवता’ म्हणत राहिलो. तू हरलास याला उतार थोडा कारण असेल, नाणेफेकीनंतरचा तुझा शहाणपणा जास्त. पण तो उतार तुझ्या वाट्याला मी आणला होता. दरवेळी ठरवायचो, आज सांगून टाकू. दरवेळी तू तब्येतपाण्यावर यायचास आणि ते राहून जायचं. मला वाटायचं, वेळ आहे.

तू गेल्याचा फोन आला तेव्हा मी शाळेच्या मैदानावर होतो. पोरींना थांबवलं नाही. शिट्टी तोंडात धरून उभा राहिलो आणि ती वाजवता येईना. मला तुझी फार आठवण येते, हे काही खास वाक्य नाही, पण दुसरं सुचत नाही. रिकाम्या रानाकडं बघितलं की आपोआप मनात येतं, हे लांबीला पुरेल का. ही खोड तुझी. ती मला लावून गेलास, त्याबद्दल तुझे आभारच मानायला हवेत. कुठंही निघालो तरी रस्ता कंटाळवाणा होत नाही.

काल माणसं पांगल्यावर मी तुझ्या ओसरीत बसून राहिलो. वहिनींनी चहा आणला. मी ठरवून गेलतो, तुला सांगता आलं नाही ते त्यांना सांगायचं. सांगितलं. अर्ज, कपाट, थापा, साहेब, हरभरा, उतार, सगळं. मान वर न करता. सांगून झाल्यावर म्हटलं, “वहिनी, वीस दिवस मी त्याला उगाच उन्हातान्हात फिरवला. मला माफ करा.”

वहिनी बाजेजवळ बसल्या. पदरानं बाजेची कड पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, “भाऊजी, थोरले गेल्यावर ते ह्या बाजेवर भिंतीकडं तोंड करून पडून ऱ्हायचे. तीन-चार महिने. जेवा म्हणलं तर जेवायचे, उठा म्हणलं तर उठायचे, पर शब्द न्हाई. लेकरं भ्यायला लागली व्हती. आन् मग ते तुमचं मैदानाचं निघालं. रोज सकाळी गाडी पुसायचे, भाकरी बांधून घ्यायचे. संध्याकाळी आल्यावर कोन काय म्हनलं, कुटलं रान कसं, समदं मला सांगायचे. कॅलेंडरच्या पाठीमागं नकाशे काढायचे. त्या वीस दिसांत माझा मानूस मला माघारी भेटला.”

मी वर बघितलं. त्या रडत होत्या, आणि हसतही होत्या.

“तुमी आजून आठ दिस आर्ज द्यायचा न्हवता, भाऊजी.”